दोन णमोकारांएवढा थांबा

“वहिनी, हात लावू नका. तात्या आत गेल्यात.”

आदगोंडा आण्णांचा तो आवाज आजही जसाच्या तसा कानात आहे. दबका, पण बस्तीच्या, म्हणजे आमच्या जैन मंदिराच्या, सभामंडपात शेवटच्या चटईपर्यंत पोचणारा. दशलक्षण पर्वाचे दिवस होते. आण्णांनी घेतलेला दुपारचा स्वाध्याय, शास्त्रवाचन, आटोपून सगळे सामायिकाला, म्हणजे ध्यानाला, बसले होते, पुरुष एका बाजूला, आम्ही बायका दुसऱ्या बाजूला. सामायिकात मी कधी मान वळवूनसुद्धा बघत नाही. त्या दिवशी मात्र जागा सोडून सरळ पुरुषांच्या चटईवर जाऊन उभी राहिले होते. समोर माझे यजमान. पाठ खांबाला टेकलेली, तळहात मांडीवर, हनुवटी छातीवर. आणि छाती हलत नव्हती.

“आण्णा, श्वास बंद आहे ह्यांचा.”

“बंद न्हवं, स्थिर. ध्यान लागलं की असंच होतंय. ध्यानातल्या माणसाला हलवायचं नसतंय, वहिनी. तुम्हाला काय सांगायला पाहिजे? तुम्ही तर जाणत्या.”

मी हात मागे घेतला, नजर नाही. आम्ही कायोत्सर्गात, देहभान सोडून करायच्या ध्यानात, णमोकार मंत्र श्वासावर म्हणतो, एका णमोकाराला तीन श्वास. रोजच्या सवयीनं ती लय माझ्या अंगात इतकी मुरली आहे की घड्याळ लागत नाही. उभ्या उभ्या मनात म्हणायला लागले. एक णमोकार पुरा झाला. दुसरा सुरू केला. ह्यांचे ओठ जांभळट दिसायला लागले. दुसऱ्याच्या शेवटच्या पदाशी आले, तेव्हा ह्यांच्या घशातून असा काही आवाज निघाला की पलीकडे कुणाची तरी जपमाळ हातातून गळून पडली. बुडता माणूस पाण्यावर येताना हवा ओढतो, तशी त्यांनी हवा ओढली. मान ताठ झाली. डोळे उघडले, त्यांत पाणी होतं. कपाळ घामानं डबडबलेलं.

आण्णांनी हात जोडले. त्यांचं बघून शेजारच्यांनी जोडले, मग सगळ्यांनीच. एक म्हातारी पुढं सरकली आणि ह्यांच्या पायांना हात लावून मागे गेली.

ह्यांनी आधी गोंधळून चौफेर पाहिलं. मग ते जोडलेले हात त्यांना दिसले. त्यांनी हळूच परत डोळे मिटून घेतले.

आमचं गाव सांगलीजवळचं, कृष्णाकाठचं. ह्यांचं नाव भूपाल चौगुले, पण गाव तात्या म्हणायचं. पाणीपुरवठा संस्थेत क्लार्क होते. कुणाच्या रानाला कुठल्या दिवशी पाणी सोडायचं, ते सांगायचं काम. पाणी वेळेवर आलं तर लोक पाऊसपाण्याचे आभार मानायचे, आलं नाही तर तात्याच्या नावानं शंख करायचे. अंगानं भरलेले, मान आखूड, स्वभाव मऊ. घरात आम्ही दोघं आणि ह्यांची थोरली बहीण राजमती अक्का. अक्काला अपत्य नव्हतं, नवरा लवकर गेला, तेव्हापासून ती आमच्याकडे. जीभ तिखट, पण तिच्या हातचं लोणचं आणि तिचं मन, दोन्ही वर्षभर टिकणारं.

नियम आम्ही दोघांनी लग्नानंतर लवकरच घेतले होते. सूर्य मावळला की अन्न नाही, पाण्याचा थेंबही नाही. पाणी गाळून, तापवून. रोज देवदर्शन, अष्टमी-चतुर्दशीला एकाशन, एकदाच जेवण. माझा दिवस त्या नियमांवर उभा आहे, घर जसं जोत्यावर उभं असतं तसा. ह्यांनीही नियम कधी मोडले नाहीत.

घोरणं मात्र होतं. चांगलं दणदणीत होतं. आमच्या भागात हळद पॉलिश करायला लोखंडी ड्रम असतो, त्यात हळकुंडं टाकून फिरवतात. अक्का सकाळी उठून म्हणायची, “काय रं भूपाल, रात्री किती पोती पॉलिश केलीस?” गल्लीही हसायची. आम्हाला काळजी नव्हती. माणूस घोरतो म्हणजे त्याला गाढ झोप लागते, असंच आम्ही सगळे धरून चाललो होतो. इतकं झोपूनही हे दिवसा कशामुळं पेंगतात, हे मात्र कुणी विचारलं नव्हतं. संस्थेत टेबलावर मान टाकायचे. उठले की डोकं दुखायचं. बोलता बोलता वाक्य अर्धं राहायचं. डॉक्टरांनी रक्तदाबाच्या गोळ्या दोनदा वाढवल्या होत्या.

त्या दिवशी बस्तीतून घरी आले ती एकच गोष्ट मनात घेऊन. रात्री अंथरुणावर पडून नुसतं ऐकलं. ड्रम फिरत होता, फिरत होता, आणि एकदम थांबला. मी णमोकार म्हणायला लागले. दुसऱ्याच्या शेवटाला तोच आवाज, तीच धाप. परत ड्रम सुरू. थोड्या वेळानं परत थांबला. मग मला मोजायची गरज राहिली नाही.

सकाळी दर्शन करून आल्यावर मी विषय काढला. हे ओसरीवर बसून दूध पीत होते.

“अहो, बस्तीत तुमचं जे होतं ना, तेच रात्री अंथरुणात होतं.”

“म्हणजे?”

“श्वास थांबतो. मग गुदमरून उठता. बस्तीत तुम्हाला झोप लागते.”

त्यांनी दुधाचा पेला खाली ठेवला. “झोप? त्रिशला, आदगोंडा आण्णा शास्त्र वाचलेला माणूस आहे. त्याला झोप आणि ध्यान कळत नाही, आणि तुला कळतं?”

“मला ध्यानातलं कळत नाही. पण ध्यानातून उठलेला माणूस असा घामाघूम होत नसावा.”

“माझ्या आत काय चाललंय ते तुला बाहेरून दिसतंय होय?”

मी गप्प बसले. आवाज चढवणं मला जमत नाही आणि आवडतही नाही. पण गप्प बसणं म्हणजे सोडून देणं नाही, हे ह्यांना ठाऊक होतं. म्हणून तर ते दूध तसंच ठेवून निघून गेले.

पर्व संपलं तरी बस्तीतलं ते चालूच राहिलं. दर रविवारच्या स्वाध्यायाला गर्दी वाढायला लागली. शेजारच्या गावाहून माणसं यायची. ज्याला संस्थेत कुणी खुर्ची देत नव्हतं, त्याच्यासाठी खांबाजवळ वेगळं आसन टाकलं गेलं. हे धोतर-उपरणं इस्त्री करून नेसायला लागले. त्याचा मला राग नव्हता. भीती वाटायची ती त्या जांभळ्या ओठांची.

आश्विनातली गोष्ट. अक्काची औषधं आणायला आम्ही दोघं ह्यांच्या एम-एटी मोपेडवरून सांगलीला निघालो होतो. रेल्वेचं फाटक लागलेलं. ह्यांनी गाडी उभी केली, एक पाय जमिनीवर टेकला. मी मागे. मालगाडी लांबलचक होती. ती संपेपर्यंत मी आपली मनात भक्तामर स्तोत्राची उजळणी करत होते. गाडी गेली, फाटक वर गेलं, मागच्यांनी हॉर्न वाजवायला सुरुवात केली. आमची गाडी जागची हलेना.

“अहो, फाटक उघडलं.”

उत्तर आलं ते घोरण्याचं. भर उन्हात, हॉर्नच्या गोंगाटात, हँडल धरून, एका पायावर उभ्याउभ्या.

मी पाठीवर थाप मारली. ते दचकून जागे झाले आणि दचकण्यातच मूठ पिळली. गाडीनं उडी घेतली. समोरून विटांनी भरलेला ट्रॅक्टर फाटकात शिरत होता. त्याच्या ड्रायव्हरनं चाक वळवलं म्हणून आम्ही राहिलो. आमची गाडी रुळांच्या कडेच्या खडीत जाऊन आडवी झाली. मला कोपराला खरचटलं, ह्यांना काही नाही. ट्रॅक्टरवाला खाली उतरून आला.

“काका, झोप झाली न्हाय तर घरी झोपावं की! का आम्हाला तुरुंगात घालायचा इचार हाय?”

ह्यांनी गाडी उचलली. मी पदरानं कोपर पुसलं आणि म्हणाले, “तुम्ही गाडी ढकलत न्या. मी चालते.”

“चालत? घर लांब आहे.”

“असू दे. आणि ऐका. तुमची तपासणी होईपर्यंत मी मीठ सोडलं.”

ते थांबले. “माझ्यावर दबाव टाकतीस?”

“तुमच्यावर कसला दबाव? नियम माझा, जीभ माझी. तुमच्या आमटीत मीठ असेल.”

तसंच केलं. त्यांच्या ताटात सगळं नेहमीसारखं. माझी आळणी आमटी वेगळ्या वाटीत. उलट मी त्यांना आग्रह करून वाढत होते. पहिल्या दिवशी त्यांनी बघितलं नाही असं दाखवलं. दुसऱ्या दिवशी भाकरीचा तुकडा हातात धरून बसून राहिले. अक्का चुलीपाशी होती. तिनं फुंकणी खाली आपटली.

“ती माती खाल्ल्यागत जेवती आणि तू भुरके मारतोस व्हय रं? बापानं तुला पंचपरमेष्ठी शिकवले, बायको उपाशी ठेवायला न्हवं.”

“उपाशी कुठाय? जेवतीय की.”

“मग तूबी जेव तसलं एक डाव. बघू किती समाधी लागती ती.”

ह्यांनी माझी वाटी ओढून एक घोट घेतला, तोंड वाकडं केलं आणि वाटी परत माझ्याकडे सरकवली. मग ताटाकडे बघतच म्हणाले, “मिरजेला कुठल्या डॉक्टरकडे जायचं ते विचारून ठेव.”

डॉक्टर मुजावर लेकीच्या वयाच्या असतील. समोर बसलेल्या माणसाचं बोलणं पुरं होईपर्यंत पेन न उचलणाऱ्या. ह्यांनी पहिल्या दमात सांगून टाकलं, “मला काही होत नाही. हिच्या मनात आलंय म्हणून आलो.”

“बरं केलंत काका. काकूंच्या मनात काय आलंय ते मग काकूंनाच विचारते. श्वास थांबतो म्हणता, साधारण किती वेळ?”

“दोन णमोकार,” मी म्हणून गेले. मग मलाच ओशाळल्यासारखं झालं. “म्हणजे, आम्ही श्वासावर मंत्र म्हणतो...”

“म्हणून दाखवता? मी घड्याळ बघते.”

दवाखान्यातल्या त्या खुर्चीवर मी डोळे मिटून दोन णमोकार म्हटले, रोजच्यासारखे. डोळे उघडले तर डॉक्टरांच्या चेहऱ्यावरचं हसू गेलेलं होतं.

“अर्ध्या मिनिटाच्या वर गेलं, काकू. रात्रीतून असं किती वेळा होतं?”

“मोजणं सोडून दिलं.”

त्या ह्यांच्याकडे वळल्या. “काका, झोपेत घशाच्या मागचा भाग सैल पडतो. जीभ मागे जाते आणि हवेची वाट बंद होते. छाती ओढत असते, पण आत काही जात नाही. रक्तातला प्राणवायू उतरतो, तेव्हा मेंदू घाबरून तुम्हाला उठवतो. उठवतो तेही क्षणभरच, तुमच्या लक्षातही राहत नाही. रात्रभर हेच. म्हणजे आठ तास अंथरुणात असूनही तुम्ही झोपलेलेच नसता. म्हणून दिवसा झोप येते, म्हणून डोकं दुखतं, म्हणून रक्तदाब गोळ्यांना ऐकत नाही.”

“घोरतात तर सगळेच,” हे म्हणाले.

“घोरणाऱ्या सगळ्यांना हा आजार नसतो. पण घोरणं, मध्येच शांतता, मग गुदमरून धाप, आणि दिवसा अशी पेंग, हे सगळं एकत्र आलं की तपासायचंच. आणि तोवर गाडी चालवायची नाही. ही विनंती नाही हां काका.”

दवाखान्यात एक रात्र झोपवून, डोक्याला, छातीला, बोटाला वायरी लावून तपासणी झाली. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी निकाल सांगितला. तासाला चाळीसच्या वर वेळा श्वास अडत होता. त्यांनी वजन उतरवायला सांगितलं, कुशीवर झोपायला सांगितलं, पण एवढ्यानं भागणार नाही हेही सांगितलं. नाकावर मुखवटा लावून झोपायचं. छोट्या यंत्रातून हवा येते, ती घसा आतून उघडा धरते. रोज, पूर्ण रात्र. त्या संध्याकाळी मी मीठ घातलेलं जेवले, सूर्य मावळायच्या आत. चव इतकी लागली की अक्का म्हणाली, “हळू जेव, आमटी पळून जात न्हाय.”

यंत्र घरी आलं. काळ्या पिशवीतून ह्यांनी ते बाहेर काढलं, नळी लांब केली, मुखवटा नाकाला लावून बघितला. अक्कानं तोंडाला पदर लावला.

“भूपाल, असा गोठ्यात जाऊ नगंस. म्हशी दावं तोडतील.”

“चेष्टा करू नकोस अक्का.”

“चेष्टा कुठं? सोंड झकास दिसती.”

ह्यांनी मुखवटा काढून पिशवीत टाकला. मी यंत्र बघत होते. त्याला एक पाण्याची डबी होती, हवा ओलसर राहावी म्हणून. ह्यांचं लक्ष तिच्यावर गेलं आणि त्यांचा चेहरा उजळला.

“हे बघ. पाणी! रात्रभर पाण्याची वाफ नाकातोंडात जाणार. आपला रात्रीच्या पाण्याचा त्याग आहे. नियम मोडला की नाही?”

“थंडीत पहाटे धुकं पडतं तेव्हा तुम्ही नाक बांधून देवदर्शनाला जाता?”

“ते वेगळं. ते निसर्गाचं.”

“मग डबी काढून ठेवू. मी डॉक्टरांना तेही विचारून आलेय. तशीही हवा येते, नाक जरा कोरडं पडेल, एवढंच.”

तरीही त्या रात्री ते मुखवटा न लावता झोपले. दुसऱ्या रात्री नाक चोंदलं म्हणाले. तिसऱ्या रात्री म्हणाले, आवाज होतो. ज्याच्या घोरण्यानं गल्ली जागी राहायची, त्याला त्या यंत्राच्या फुरफुरण्याचा त्रास!

चौथ्या दिवशी दुपारी मी परसात शेंगा फोडत बसले होते. हे येऊन समोर बसले, मूठभर शेंगा घेतल्या. थोड्या फोडल्या. मी वाट बघितली.

“ते लावलं,” ते म्हणाले, “तर बस्तीत काय होणार?”

“काय होणार? तुम्ही जागे राहाल.”

“तेच की.”

मी हातातली शेंग तशीच ठेवली.

“त्रिशला, मला तिथं कधी काही दिसलं नाही. प्रकाश नाही, शांती नाही, काही नाही. काळोख असतो, आणि कुणीतरी तोंडावर उशी दाबून धरल्यासारखं होतं. मग जीव तोडून वर यायचं. आणि वर आलं की समोर माणसं हात जोडून बसलेली.” त्यांनी टरफलं एका बाजूला गोळा केली. “पहिल्या दिवशी मी सांगणार होतो. खरंच. तोंड उघडलं होतं. पण ती म्हातारी पाया पडली. संस्थेत माझं सगळं आयुष्य गेलं. कोण पाया पडलं? कोण हात जोडून बसलं? ‘ए तात्या, आमच्या पाण्याचं काय झालं’, एवढंच. मला वाटलं, एक रविवार. मग वाटलं, अजून एक.”

“तुम्हाला माहीत होतं.”

“तुझ्याआधीपासून.”

 मग जे खरं होतं ते बोलले. “मी तुमच्याशी लग्न केलं तेव्हा तुम्हाला समाधी लागत नव्हती. माझं काही अडलं नाही.”

ते हसले. खूप दिवसांनी मोकळे हसले.

त्या रात्री त्यांनी मुखवटा लावला. मी मुद्दाम जागी राहिले, पण ऐकण्यासारखं काही उरलंच नव्हतं. पहाटे मी उठायच्या आधी हे उठून परसात उभे होते. मी गेले तर म्हणाले, “त्रिशला, डोकं दुखत नाही. आणि नदीकडून पाण्याच्या मोटारींचा आवाज येतोय बघ. हा रोज येतो?”

“रोज येतो.”

“मला ऐकूच येत नव्हता.”

तो आठवडा आमच्या घरात सणासारखा गेला. माणूस जेवताना जेवत होता, बोलताना बोलत होता. अक्कासुद्धा टोमणा मारायची विसरली. रविवारी हे स्वाध्यायाला गेले, खांबाजवळच्या आसनावर बसले आणि संपूर्ण वेळ टक्क जागे राहिले. लोक वाट बघत होते. उठताना कुणीतरी कुजबुजलं, “आज लागली नाही.” आण्णा म्हणाले, “होतंय असं. साधनेत चढउतार असतात.” हे काही बोलले नाहीत. मीही नाही. वाटलं, हळूहळू लोक आपोआप विसरतील.

सोमवारी सकाळी सुवर्णा आली. आमच्याच गल्लीच्या टोकाला राहायची. तिचा नवरा जयपाल भाजीचा टेंपो चालवायचा, संध्याकाळी इथून भरून निघायचा तो सकाळी मुंबईच्या बाजारात. धिप्पाड गडी, मनमिळाऊ. सुवर्णा पेरू घेऊन आली होती. टोपली ठेवताना तिच्या चेहऱ्यावर काहीतरी गोड गुपित असल्यासारखं होतं.

“काकू, एक सांगू? आमच्या ह्यांचं पण तात्यांसारखं व्हायलंय.”

“काय?”

“झोपेत श्वास थांबतोय. अगदी तसंच. बराच वेळ. मग मोठ्यानं श्वास घेऊन दचकतात. मी आधी भ्यायले होते, हलवायचे. आता न्हाय हलवत. आण्णा म्हणाले होते ना, हात लावायचा नसतोय. मी नुसती हात जोडून बसते.” ती लाजली. “काकू, टेंपोवाल्याला पण असं पुण्य लाभतंय व्हय?”

“गाडीवर झोप येती का गं त्याला?” मी विचारलं.

“येती की. परवा कराडच्या अलीकडं दुभाजकाला घासली गाडी. पण काय झालं न्हाय बघा. धर्मानंच वाचवलं.”

मी तिला तिथंच सांगायला तोंड उघडलं. तेवढ्यात आतल्या खोलीच्या दारात हे उभे दिसले. त्यांनी सगळं ऐकलं होतं. माझ्याकडे बघून त्यांनी मान हलवली, ‘तू नको.’ सुवर्णाला म्हणाले, “जयपाल घरी आहे काय?”

“झोपल्यात आता. संध्याकाळी निघायचंय.”

ती गेली. हे दाराची चौकट धरून उभे होते.

“तू सांगितलंस तर ती म्हणेल, काकूंना तात्यांचा हेवा वाटतो,” ते म्हणाले. “मी सांगतो. जयपालला, आज. टेंपो निघायच्या आत. आणि रविवारी सगळ्यांना.”

“सांगाल?”

“शब्द देतो.”

मी तो शब्द घेतला आणि स्वयंपाकाला लागले.

दुपार टळत आली तसे आदगोंडा आण्णा आले. सोबत बस्तीच्या ट्रस्टची दोन माणसं. अक्कानं त्यांना गाळलेलं पाणी दिलं. आण्णा प्रसन्न होते.

“तात्या, कार्तिकातल्या अष्टान्हिक पर्वात तुमचा सत्कार ठरलाय. शाल, श्रीफळ, आणि सभामंडपात तुमचा फोटो. आसपासची सगळी गावं बोलावतोय आम्ही. न्हाय म्हणू नका.”

हे बघत राहिले. मी दारामागे होते. मला त्यांचा चेहरा दिसत होता. त्या चेहऱ्यावर काय काय येऊन गेलं ते मी वाचलं, नवऱ्याचा चेहरा बायकोला वाचता येतोच. सबंध आयुष्यात ज्याला कुणी गुलाबाचं फूल दिलं नव्हतं, त्याच्यासाठी कुणीतरी शाल विणत होतं.

“बघू आण्णा,” ते एवढंच म्हणाले.

“बघू कसलं? ठरलं म्हणून समजा.” आण्णा उठले. जाताना त्यांनी ह्यांच्यासमोर पुन्हा हात जोडले.

मंडळी गेली. हे ओसरीवर बसून राहिले. ऊन भिंतीवरून उतरायला लागलं. मी पानं घेतली. ते जेवले, हात धुतले, परत ओसरीवर जाऊन बसले. मी एक शब्द काढला नाही. शब्द त्यांनी दिला होता, मी त्याची आठवण करून दिली असती तर तो माझा झाला असता. अक्का मला खुणावत होती, काय झालंय म्हणून. मी डोळ्यांनीच तिला थांबवलं.

गल्लीच्या टोकाला टेंपोचं इंजिन सुरू झाल्याचा आवाज आला.

हे उठले. आत गेले. बाहेर आले तेव्हा डोक्यावर टोपी होती आणि काखेत ती काळी पिशवी, नळी अर्धवट बाहेर लोंबत असलेली. त्यांनी ती आत कोंबली, चपला पायात सरकवल्या, आणि माझ्याकडे न बघता ओसरीच्या पायऱ्या उतरून जयपालच्या घराच्या दिशेनं चालायला लागले.